सुमगोलची बावीस धुराडी

कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावर, दोन डोंगरांच्या बेचक्यात सुमगोल नावाचे बावीस घरांचे गाव आहे. प्रत्येक घरामागे दगडमातीचे कमरेएवढे धुराडे. पाहुणे हटकून विचारतात, घरात गॅस आला, जमिनीखाली गरम पाण्याच्या नळ्या आल्या, मग ही धुराडी कशाला ठेवलीत? गाव दाखवायला नामगुंग आजी असतात. वय ऐंशीच्या पुढे, आवाज खणखणीत. आधी सगळ्यांना फोन खिशात ठेवायला लावतात, मग काठी समुद्राकडे रोखतात. ओहोटीच्या वेळी तिथे समुद्र नसतोच. कोसभर नुसता करडा चिखल आणि मधोमध एक काळा खडक. त्याला नॉलबावी म्हणतात, म्हणजे फळीचा खडक. धुराड्यांची हकिगत त्या खडकापासून सांगावी लागते, असे आजी म्हणतात.

राजा लांब आणि लुटारूंची गलबते जवळ, असा तो काळ होता. गावात माल्सुन नावाची म्हातारी राहत असे. तिचा एकुलता एक मुलगा आदल्या शरदात समुद्रात बुडाला होता. घरात ती आणि दिवस भरलेली सून ओकदान, एवढ्या दोघीच. चिखलाची माल्सुनला खडानखडा माहिती. सुमगोलच्या बायका ओहोटीला लांब फळीवर एक गुडघा टेकतात, दुसऱ्या पायाने चिखल मागे रेटतात आणि अशा घसरत जाऊन शिंपले काढतात. पायी जाणारा मांडीपर्यंत रुततो. अर्ध्या गावच्या सुनांना ही फळी माल्सुननेच शिकवली होती.

ऐन थंडीत बेटाआड लुटारूंची गलबते दिसली. गावप्रमुखाने हुकूम काढला, कोणी चूल पेटवायची नाही. आता कोरियातल्या घरांची रचनाच अशी की चुलीचा धूर जमिनीखालच्या दगडी पाटांतून फिरतो, जमीन तापवतो आणि मग मागच्या धुराड्यातून बाहेर पडतो. धूर नाही तर ऊब नाही. तीन दिवस सारे गाव बर्फासारख्या जमिनीवर बसून गार ज्वारी आणि किमची, म्हणजे कोबीचे आंबवलेले लोणचे, चावत राहिले.

चौथ्या दिवशी उजाडता ओकदान बाळंत झाली. मुलगी झाली. माल्सुनने रिवाजाप्रमाणे दारावर गवताचा दोर बांधला. तो दिसला की एकवीस दिवस परक्याने उंबरा ओलांडायचा नाही. बाळाचे ओठ काळेनिळे पडत चालले होते आणि ओकदानचे दात वाजायचे थांबत नव्हते. माल्सुन बाहेर येऊन वारा बघून गेली. वारा समुद्रावरून डोंगराकडे वाहत होता. धूर वर न जाता पाइनच्या झाडीत शिरला असता. तिने चार मुठी वाळक्या काटक्या चुलीत सारल्या.

आणि इथेच ती चुकली. भरती पुरी चढली की पाणी जरा वेळ थबकते आणि त्याच्याबरोबर वाराही थबकतो, हे तिनेच सगळ्यांना शिकवलेले. पण तिचा सगळा जीव त्या काळ्यानिळ्या ओठांत अडकला होता. वारा पडला आणि धूर ताठ उभा राहिला.

गलबते भरतीच्या पाण्यावर थेट किनाऱ्याला लागली. तीस जण उतरले. गावप्रमुखाला विहिरीपाशी भाल्याने भोसकले आणि तसाच आत लोटला. शेजारच्या सुन्दोकचा नवरा आणि दोन मुलगे कुदळी घेऊन गल्ली अडवून उभे राहिले. तेवढ्या वेळात बायकापोरे डोंगरात पळू शकली. थोरल्याचा हात खांद्यातून तुटला, धाकट्याचे पोट फाडले. नवऱ्याचे मुंडके सुन्दोकच्याच उंबऱ्यावर पडले, आणि तिने ते डोंगरावरून पाहिले. म्हणे त्या दिवशी गल्लीतून वाहिलेल्या रक्तावर बर्फ धरला होता.

मग ते धुराच्या घरापाशी आले. म्होरक्याने तलवारीने दोर कापला आणि बाळाला एका पायाला धरून उचलले. घरोघर उलथून त्यांना हाती फारसे काही लागले नव्हते. तो चिडलेला होता. माल्सुन त्याच्यासमोर हात पसरून उभी राहिली. "गावाचा तांदूळ त्या खडकाखाली पुरलाय. सगळा. पोर खाली ठेव, मी दाखवते."

म्होरक्याने बाळ ओकदानच्या अंगावर फेकले. तोवर पाणी पार ओसरले होते. आपला वाटा बुडेल या भीतीने चार सोडून सगळेच तिच्यामागे निघाले. ते चौघे गलबतांपाशी थांबले. म्होरक्याने एक दोर आपल्या कमरेला आणि तिच्या कमरेला बांधला. फळी कशाला, असे त्याने विचारले, तेव्हा पोती ओढायला, असे तिने सांगितले. जिथे चिखल सर्वात खोल तिथूनच तिने त्यांना नेले. खडक गाठेपर्यंत सव्वीस जणांचे पाय गळून गेले होते. तरी ते उकरायला लागले.

त्या किनाऱ्यावर भरती समोरून येत नाही. ती आधी पाठीमागच्या चरांत गुपचूप शिरते. म्हणून सुमगोलच्या बायका काम करताना समोर नाही, मागे वळून बघतात. लुटारूंपैकी कोणीच मागे बघितले नाही. माल्सुन फळीवर बसून पाण्याचा आवाज ऐकत होती. पहिला ओरडला तेव्हा मागचे चर छातीभर भरले होते.

पळालेले चिखलात अडकले आणि जागच्या जागी बुडाले. काही जण एकमेकांच्या खांद्यावर चढायला गेले, तेव्हा खालच्यांनी त्यांना सुऱ्यांनी भोसकले. म्होरक्या फळीकडे झेपावला. त्याने तलवारीने माल्सुनचा खांदा फोडला. तिने शिंपले काढायचा धारदार लोखंडी आकडा त्याच्या गळ्यात खुपसला आणि फळी पायाने प्रवाहात ढकलून दिली. दोर कापायला आकडा हातात होता, फळीही पायाशी होती, ती वाचली असती, असे सांगतात. पण फळी राहिली असती तर तोही वाचला असता. डोंगरावरून लोकांनी सव्वीस आणि एक डोकी एकेक करून नाहीशी होताना पाहिली.

उरलेल्या चौघांना गावकऱ्यांनी गलबतांपाशीच गाठले. दोघांची डोकी एकट्या सुन्दोकने कुऱ्हाडीने फोडली. तिथेच भरतीबरोबर ती फळी रिकामी येऊन किनाऱ्याला लागली. सुन्दोकने ती उचलली, आणि हातात तीच रक्ताळलेली कुऱ्हाड घेऊन माल्सुनच्या घराकडे चालू लागली. ज्या घराच्या धुराने माझं घर संपलं ते घरही ठेवणार नाही, असे ती सगळ्यांदेखत बोलली होती. तिला अडवायची कोणाची छाती झाली नाही.

चूल लुटारूंनी लाथाडून विझवली होती. ओकदान बाळाला उघड्या छातीशी धरून गार जमिनीवर बसली होती. तिने कुऱ्हाड पाहिली. "ताई, आईंनी माझ्यासाठी पेटवली होती. मला मारा. हिला तेवढी कोणाकडे तरी द्या."

सुन्दोकने फळी भिंतीला टेकवली, खाली बसून कापलेला गवताचा दोर पुन्हा गाठ मारून दारावर बांधला, आणि स्वतःच्या घराचे मोडलेले दार आणून त्याच कुऱ्हाडीने फोडले. लोक म्हणाले, वेडी झालीस का, बेटाआड आणखी गलबते असली तर? पुन्हा धूर दिसेल.

"एकाच घराचा धूर निघाला तर लोकांचं बोट त्याच घराकडे जातं," सुन्दोक म्हणाली. "बावीसही चुली पेटवा. कोणाचा धूर, असं या गावात पुन्हा कोणी विचारायचं नाही."

दारात प्रेते पडलेली असताना बावीस चुली पेटल्या. मुलगी जगली.

आजही सुमगोलमध्ये मूल जन्मले की सगळ्या जुन्या चुली एकाच वेळी पेटतात. पहिली सुन्दोकच्या घरची; ते घर आता नामगुंग आजींचे. मात्र शेवटचा धूर निघाला त्याला अकरा वर्षे झाली. तरुण शहरात गेले, चौदा घरांना कुलूप आहे आणि त्यांच्या किल्ल्या आजींच्या कमरेला. तरी दर शरदात आजी बावीसही चुलींपाशी कोरडी लाकडे रचून ठेवतात. कोणासाठी, असे विचारले की त्या रागावतात, आणि पुढच्या चुलीपाशी न्यायला विचारणाऱ्याच्याच डोक्यावर एक मोळी देतात.