शेवू उठेना, दाणा मिळेना

एक होती खार. एवढीशी! मणी-मणी डोळे आणि शेपूट कसं? झुपकेदार. म्हणून तिचं नाव झुपकी.

झुपकी राहायची पेरूच्या झाडावर. झाडासमोर होती एक खिडकी. खिडकीत रोज सकाळी यायची शेवू. शेवू तीन वर्षांची. ती मूठ उघडायची आणि म्हणायची, "झुपके झुपके, दाणा घे!"

टप्प! शेंगदाणा खाली.

कुटुम कुटुम कुटुम. दाणा फस्त!

मग काय झालं? पावसाळा सरत आला. सकाळी गारठा. दुपारी चटका. संध्याकाळी भुरभुर पाऊस. आणि एके दिवशी खिडकी बंद! टप्प नाही. कुटुम नाही. झुपकीचा दाणा गेला कुठे?

तुरु तुरु, टुणुक! झुपकी चढली खिडकीवर. फटीतून पाहिलं. शेवू गोधडीत. नाक लाल लाल.

आऽऽक् छी!

"शेवू शेवू, दाणा दे ना!"

"कशी देऊ गं झुपके? मला सर्दी. मला खोकला. अंगात कणकण. डॉक्टरताई म्हणाल्या, गरम पेज पी, झोपून राहा. पेज शिजली की पिईन. मग उठेन."

तुरु तुरु, टुणुक! झुपकी गेली चुलीकडे. चुलीवर पातेलं. पातेल्यात तांदूळ. पण पातेलं गार गार!

"चूलबाई चूलबाई, पेट ना!
पेज शिजेना,
शेवू उठेना,
मला दाणा मिळेना!"

"कशी पेटू गं झुपके? लाकूड ओलं. नुसता धूरच धूर. लाकूड सुकलं की पेटेन."

तुरु तुरु, टुणुक! झुपकी गेली अंगणात. लाकूड पडलं होतं भिंतीशी. ओलं चिंब.

"लाकडा लाकडा, सूक ना!
चूल पेटेना,
पेज शिजेना,
शेवू उठेना,
मला दाणा मिळेना!"

"कसं सुकू गं झुपके? वर बघ. ढग बसलाय उन्हासमोर. ढग सरला की सुकेन."

तुरु तुरु, टुणुक! झुपकी चढली कौलांवर. अगदी टोकावर.

"ढगा ढगा, सर ना!
लाकूड सुकेना,
चूल पेटेना,
पेज शिजेना,
शेवू उठेना,
मला दाणा मिळेना!"

"कसा सरू गं झुपके? मला ना पाय, ना चाकं! वारा सुटला की सरेन."

तुरु तुरु, टुणुक! झुपकी गेली बांबूच्या बेटात. तिथे वारा बसला होता, गप्प गप्प.

"वाऱ्या वाऱ्या, सूट ना!
ढग सरेना,
लाकूड सुकेना,
चूल पेटेना,
पेज शिजेना,
शेवू उठेना,
मला दाणा मिळेना!"

"कसा सुटू गं झुपके? मी आहे गार गार. सुटलो की शिरेन फटीतून. शेवूच्या कानात घुसेन. शेवू कुडकुडेल. कानटोपी चढली की सुटेन."

तुरु तुरु, टुणुक! झुपकी गेली शेवूच्या आईकडे. आई येत होती गोठ्यातून.

"शेवूच्या आई, शेवूच्या आई, टोपी चढवा ना!
वारा सुटेना,
ढग सरेना,
लाकूड सुकेना,
चूल पेटेना,
पेज शिजेना,
शेवू उठेना,
मला दाणा मिळेना!"

"कशी चढवू गं बाई? बघ माझे हात. शेणाने माखलेत. असे हात लेकराला लावायचे? आजारी लेकराला तर नाहीच नाही! धुवायला गेले, तर साबणच नाही. मेल्या कावळ्याने पळवला. साबण आला की हात धुईन. मग टोपी चढवीन."

तुरु तुरु, टुणुक! झुपकी गेली शेवग्याच्या झाडाखाली. फांदीवर कावळा. साबण पायाखाली. चोच फेसाने पांढरी!

"कावळेदादा कावळेदादा, साबण दे ना!"

"थू थू! मला वाटलं लोण्याचा गोळा. कसला कडू! पण मी आणला, माझा झाला. नाही देणार. काव!"

झुपकीचे पाय दुखत होते. पोटात काही नव्हतं. तरी तिने शेपूट सावरलं आणि म्हणाली,

"साबण येईना,
टोपी चढेना,
वारा सुटेना,
ढग सरेना,
लाकूड सुकेना,
चूल पेटेना,
पेज शिजेना,
शेवू उठेना..."

तेवढ्यात घरातून आवाज आला. खॉक् खॉक्! खॉक् खॉक् खॉक्!

झुपकी थांबली. दाण्याचं बोलायचं राहूनच गेलं.

"कावळेदादा," ती हळूच म्हणाली, "शेवू खूप खोकते रे."

कावळ्याने मान वाकडी केली. "कोण शेवू? मला भाकरीचा तुकडा टाकते, ती?"

"तीच."

"ती आजारी आहे? अगं, मग आधी नाही का सांगायचंस!"

फड फड फड! कावळा उडाला. धप्प! साबण दगडावर.

आईने हात धुतले. पुढून धुतले, मागून धुतले. बोटांच्या मधे, नखांच्या खाली. फेसच फेस! हात झाले स्वच्छ.

हात धुतले, टोपी चढली. लाल लाल, कानांवर.

टोपी चढली, वारा सुटला. सूंऽऽ सूंऽऽ!

वारा सुटला, ढग सरला. ऊन पडलं लख्ख!

ढग सरला, लाकूड सुकलं. खडखडीत!

लाकूड सुकलं, चूल पेटली. भगभग भगभग!

चूल पेटली, पेज शिजली. रटरट रटरट!

शेवू पेज प्यायली. फुर्र फुर्र फुर्र! कपाळावर घाम आला. ती गाढ झोपली.

झुपकी खिडकीवरच बसून राहिली. पहिला दिवस गेला. दुसरा दिवस गेला. आईने येता-जाता तिला भाताची चार शितं घातली.

तिसऱ्या दिवशी खिडकी वाजली. कर्रर्र!

शेवू उठली! डोक्यावर टोपी. हातात रुमाल. एक बारकीशी शिंक आली. आक् छी! तिने रुमाल धरला नाकावर. मग पळत गेली, हात धुऊन आली.

"झुपके झुपके, दाणा घे!"

टप्प! एक दाणा.

टप्प! दुसरा दाणा.

टप्प! टप्प! टप्प! दाणेच दाणे!

कुटुम कुटुम कुटुम कुटुम!

शेवू झाली ठणठणीत,
झुपकी शिरली ढोलीत,
आणि गोष्ट निजली गोधडीत!