कोल्हीण आणि बोलकी भिंत

फार पूर्वी, डोंगर अजून पेंगुळलेले होते तेव्हा, एका गुहेत कोल्हीण आपल्या आंधळ्या पिल्लाला गोष्टींतून जग दाखवायची. पण गुहेची गुळगुळीत भिंत तिचा प्रत्येक शब्द परत फेकायची आणि गोष्टीचा नुसता कल्लोळ व्हायचा.

"आई, इतक्या जणी एकदम का बोलतात?" पिल्लू घाबरून रडू लागलं.

कोल्हीण वैतागली. "भिंतीबाई, जरा गप्प बसा की!"

"काय करू गं?" भिंत म्हणाली. "माझ्या उघड्या अंगावर काही टिकतच नाही."

कोल्हिणीला तिची कीव आली. तिने ओल्या मातीने भिंतीवर जाडजूड शेवाळ नि वाळलं गवत थापलं. मग हळूच म्हणाली, "एक होती नदी..."

"आई, दिसली नदी!" पिल्लू हसलं.

भिंत गप्पच होती. जन्मात पहिल्यांदाच ती गोष्ट ऐकत होती.