ओल्या मातीत लोळलेला घोडा

एक होता राजा. राजा लहान, राज्य त्याहून लहान. उत्तरेला, यमुनेच्या पलीकडे. एका शिवेवर कुणी शिंकलं तर दुसऱ्या शिवेवरून 'शतंजीव' ऐकू येई, बरं का. राजाचं नाव पीलुसेन. त्याच्या वंशाने लढाई अशी एकही जिंकली नव्हती. कुळाची रीत मात्र एक होती: गादीवर बसणाऱ्याने राजरस्त्यालगत आमराई लावायची आणि तिला स्वतःच्या हाताने पाणी घालायचं. आजोबांची आमराई पहिल्या शिवेवर, वडिलांची मधोमध आणि पीलुसेनाची, अजून गुडघ्याएवढीच, शेवटच्या शिवेवर.

एकदा काय झालं, शेजारच्या सम्राटाने यज्ञाचा घोडा सोडला. मागे सेनापती उग्रबाहू आणि त्यांचं सैन्य. घोडा आपल्या मर्जीने फिरणार. त्याला कुणी हाकायचं नाही. अडवाल तर युद्ध. त्याने ओलांडलेलं राज्य सम्राटाचं. यज्ञाच्या मुहूर्ताला तो घरी परतलाच पाहिजे.

प्रधानांनी विचारलं, "महाराज, अडवायचा का?"

"कशाने? आपला हत्ती एक, तोही दिवसभर पेंगतो."

मग घोडा आला. आजोबांच्या आमराईत सावलीला थांबला नि पुढे निघाला. वडिलांच्या आमराईत पाटाचं पाणी प्याला नि पुढे निघाला. आता उरली शेवटची शीव. पीलुसेन तिथे रोपांना पाणी घालत होता. राज्य जायचं म्हणून रोपं का सुकवायची? घोड्याला ओल्या मातीचा वास आला. उन्हाने तापलेला तो, बसला, चारी पाय वर करून लोळला आणि मग तिथून हलेचना.

दिवसामागून दिवस गेले. मुहूर्त जवळ आला. सेनापती रडकुंडीला आले.

"राजे, तुम्ही तरी हाका ना त्याला."

"मी? हात लावला तर युद्ध, असं आपणच बजावलंत."

"मग हे पाणी तरी थांबवा."

"थांबवतो. माझ्या रोपांनाही चिखल पुरे झाला. उद्या वडिलांच्या आमराईला घालीन, परवा आजोबांच्या. ओलाव्यामागे घोडा आल्या वाटेने परतेल. पण मग शीव त्याने ओलांडली नाही, हे आपण सम्राटांना सांगायचं. मान्य?"

सेनापतींनी शिवेकडे पाहिलं, घोड्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

मग तसंच झालं. घोडा लोळत लोळत आपल्या घरी गेला. सेनापतींनी शब्द पाळला. राज्य पीलुसेनाचंच राहिलं. रोपांची झाडं झाली, त्यांना त्याच्या नातवंडांनी झोके बांधले, आणि त्या वंशाच्या नाण्यांवर पाय वर केलेला घोडा आला.

लोळून दमला की तो घोडाही डोळे मिटायचा, बरं का. तुमचं लोळणं झालं असेल, तर मिटा आता.