लसणाचे हात

चहात दूध-साखर घालायची युक्ती कुणाला सुचली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. चीन देशात डोंगराच्या कुशीत एक गाव होतं आणि तिथे घरोघरी हिरवा चहा व्हायचा. हिरवा म्हणजे हिरवाच हं, आपल्यासारखा उकळून उकळून काळा केलेला नव्हे. वसंत आला की कोवळी पानं खुडायची आणि त्याच दिवशी तापलेल्या लोखंडी कढईत परतायची. तीही नुसत्या हातांनी! उलथनं नाही, झारा नाही.

चहाचं पान मोठं हावरट. शेजारी जो वास असेल तो पिऊन टाकतं. म्हणून चहाच्या दिवसांत गावात लसूण बंद, सुगंधी तेल बंद. लसणाचे हात कढईत गेले, तर अख्खा चहा वाया. असला चहा तिथे म्हशीसुद्धा प्यायच्या नाहीत.

गावची एक जुनी कढई होती. वसंताच्या जत्रेत ज्या घरचा चहा सरस ठरेल, त्या घरी ती वर्षभर राहायची. ग्वेहुआ नावाच्या बाईच्या घरी ही कढई आली ती तिच्या सासूच्या वेळी, ती तिथून हललीच नाही. ग्वेहुआचा हातच तसा होता. पण स्वभाव! परतायला बसली की दाराला आतून कडी. तिची सून लियान भिंतीच्या पलीकडे चुलीच्या तोंडाशी बसून लाकडं घालायची. आतून हुकूम यायचा, "वाढव गं!" "अगं, मंद कर, जाळतेस की काय!" एवढाच काय तो सुनेचा चहाशी संबंध.

"आई, मला शिकवा ना," लियान दर वसंतात म्हणायची.

"तुला? तू खालच्या सपाट मुलखातली पोरगी. लसणाशिवाय तुझ्या घशाखाली घास उतरत नाही, तू काय चहा परतणार! माझे हात धड आहेत तोवर मला कुणाची गरज नाही."

"आणि मग?"

"मगचं मग बघू. लाकूड घाल."

त्या वर्षी लियानने माहेराहून लसणाची माळ आणली. ग्वेहुआने ती मडक्यात कोंबली, मडकं परसात पुरलं आणि वर दगड ठेवला.

जत्रेच्या आदल्या दिवशी सगळं गाव पानं खुडायला डोंगरावर गेलं. लियान आणि तिचा नवराही गेले. ग्वेहुआ कढई घासत बसली होती. एवढ्यात शेजारच्या अंगणातून किंकाळी आली. शेजारच्या थाओ म्हातारीने सरपण ओढलं आणि त्यातलं गांधीलमाशांचं पोळं फुटलं होतं. गांधीलमाशा डसून उडून गेल्या होत्या, पण म्हातारीचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं होतं आणि ती जमिनीवर गडाबडा लोळत होती.

आता या थाओ म्हातारीशी ग्वेहुआचं बोलणं बंद होतं. कधीकाळी ती ग्वेहुआच्या चहाला भर जत्रेत पाणचट म्हणाली होती. अशी गोष्ट का कुणी विसरतं?

"काय चोळू तुला?" ग्वेहुआने विचारलं.

"लसूण!" म्हातारी कण्हली. "कुठे मिळणार आत्ता? मरते मी. मर म्हणतेस ना?"

ग्वेहुआ जागच्या जागी थांबली. लसूण तर होता, परसातच पुरलेला. पण संध्याकाळी पानं येणार. ती रात्रभर ठेवली तर लाल पडणार. आजच परतायची आणि उद्या जत्रा. सासूच्या वेळची कढई घरातून जाणार. तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं, मग म्हातारीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे. "तोंड मिट आणि पडून राहा," असं ओरडून ती परसात पळाली. दगड फेकला, मडकं उकरलं, लसूण ठेचला आणि दोन्ही हातांनी म्हातारीला चोळला. हळूहळू म्हातारीचा श्वास शांत झाला आणि तिला झोप लागली.

मग ग्वेहुआने राखेने हात घासले. मातीने घासले, परसातल्या दगडावर घासले. काही उपयोग नाही. लसूणच तो!

लियान टोपली घेऊन आली, तेव्हा सासू उंबऱ्याबाहेर हात मागे बांधून बसली होती. काय झालं ते तिने सांगितलं आणि तिला रडूच फुटलं.

"गेली गं कढई. माझ्या सासूने विश्वासाने दिलेली. माझ्या हातून गेली."

लियान म्हणाली, "आई, हात तर माझेही दोन आहेत."

ग्वेहुआने सुनेचे हात निरखून पाहिले. मग म्हणाली, "नवऱ्याला चुलीशी बसव आणि दाराची कडी काढून ठेव."

सुनेने कढईत पानं टाकली. हाताला चटका बसला तशी ती "आई गं!" करून ओरडली. "ओरडू नकोस, उचल आणि झटक! दाबू नकोस! आता दाब!" सासूचा दारातून नुसता भडिमार चालला होता. पण थोड्या वेळाने ती नाक वर करून हुंगतच राहिली.

"आता काय करू, आई? उतरवू?"

"मला नाही गं कळत," ग्वेहुआ म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य तिच्या तोंडून निघालं होतं. "मला नुसता लसणाचा वास येतोय. तुला कसला येतोय?"

लियानने डोळे मिटले. इतके वसंत भिंतीपलीकडे बसून तिने हाच वास घेतला होता. कुठल्या वासानंतर कडी निघते, ते तिला पाठ होतं.

"भाजलेल्या हरभऱ्याचा यायला लागलाय. अजून थोडा थांबते. हां, आता!" आणि तिने चहा उतरवला.

दुसऱ्या दिवशी जत्रेत गावच्या म्होरक्याने घोट घेतला आणि भुवया उंचावल्या. "ग्वेहुआ, हा तुझा हात नाही."

सगळी जत्रा तिच्याकडे बघायला लागली. 'माझाच आहे' म्हटलं असतं तरी कोण तपासणार होतं?

"नाही," ग्वेहुआ ठणकावून म्हणाली. "माझ्या सुनेचा आहे. मी शिकवलं नाही, तरी शिकली. शहाणी आहे."

म्होरक्याने पेला रिकामा केला आणि पुन्हा पुढे केला. "मग सुनेलाच सांग ओतायला. कढई तिच्या नावाने राहू दे."

सुजल्या तोंडाची थाओ म्हातारी मागून ओरडली, "आणि पाणचट नाहीये हो!"

पुढच्या वसंतात त्या घराचं दार सताड उघडं होतं. लियान कढईशी बसली होती आणि गावातल्या पोरी तिच्याभोवती कोंडाळं करून हात पोळून घेत होत्या. आणि ग्वेहुआ? ती शेजारी, थाओ म्हातारीच्या ओट्यावर. आता कढईला हात लावायचा नव्हता, म्हणून दोघी बिनघोर लसणाचं लोणचं घालून गरम शेवया ओरपत होत्या.

"जन्मात पहिल्यांदा वसंतात लसूण खातेय गं," ग्वेहुआ म्हणाली आणि तिने वाडगं पुन्हा पुढे केलं.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: मुठीत धरलेली कला मुठीबरोबर जाते, मूठ उघडली तरच ती घरात राहते.