अमुक अधिक तीन

एका राज्यात एक राणी होती आणि तिला हिशेब म्हणून येत नव्हता. तिचं नाव चारुमती. चाळिशी ओलांडल्यापासून तिला वस्तूंची नावंही आठवेनात. "ते अमुक आण गं," म्हणून ती दासींना पिटाळायची, आणि दासी बिचाऱ्या भलतंच काही घेऊन यायच्या.

तिला जुळी मुलं होती, हेमलेखा आणि अरिंजय. कुणाच्या ताटात जास्त वाढलं, यावरून त्यांची रोज जुंपायची. म्हणून राणी एकाच्या ताटातलं जेवढं उचली, तेवढंच दुसऱ्याच्याही ताटातलं उचली. घरात शांतता नांदे आणि राणीचा घेर वाढे.

एके दिवशी मुलांनी डोंगरातल्या गुहेत शिरून वज्रटोप मांत्रिकाच्या सोन्याच्या आवळ्यांना हात लावला. तत्क्षणी दोघांच्या साळुंक्या झाल्या. सूर्य मावळला की माणसाची बोली विसरायची, असा तो शाप होता. राजा सैन्य गोळा करत बसला. राणी धापा टाकत एकटीच डोंगर चढली.

गुहेत एक तराजू टांगलेला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक साळुंकी बसली होती. एका पारड्यात लाखेनं तोंड बंद केलेला गडू आणि तीन सुटे आवळे, दुसऱ्यात आठ आवळे. पारडी समान. गडूला स्वतःचं वजन नव्हतं. जादूच्या भांड्यांना नसतंच.

वज्रटोप म्हणाला, "राणी, गडूत आवळे किती, ते न उघडता सांग. असं तीनदा जमलं तर मुलं तुझी. चुकलीस तर तिसरी साळुंकी तू."

गडूत आहेत अमुक, राणी पुटपुटली. अमुक आणि तीन, म्हणजे आठ. मधले तीन उगाच लुडबुडतात, म्हणून तिनं ते उचलले. पारडं वर गेलं आणि तिच्या कानामागे एक पीस उगवलं.

"माझ्याच ताटातलं का?" त्या बाजूला बसलेली हेमलेखा किंचाळली.

राणीचा हात सवयीनंच दुसऱ्या पारड्यात गेला आणि तिथलेही तीन घेऊन आला. पारडी समान झाली, पीस गळून पडलं. एकीकडे नुसता गडू, दुसरीकडे पाच आवळे.

"पाच," राणी म्हणाली. मांत्रिकानं गडू फोडला. पाचच निघाले.

मग एकीकडे दोन सारखे गडू आणि एक आवळा आला, दुसरीकडे तेरा. हा अमुक नवा, मघाचा पाच विसरायचा, असं राणीनं स्वतःला बजावलं. विसरणं तिला छान जमायचं. दोन्हीकडून एकेक काढला. दोन अमुक म्हणजे बारा. बारा दोघांत वाटणं तर तिच्या रोजच्या हातचं. "सहा." तेही बरोबर.

तिसऱ्या खेपेला वज्रटोप हसला. एकीकडे तीन गडू आणि दोन आवळे, दुसरीकडे एक गडू आणि दहा आवळे; गडू चारही सारखेच. सुटे दोन राणीनं दोन्हीकडून काढले आणि ती अडली. आत काय ते ठाऊक नसताना गडू उचलायचा कसा? ऊन गुहेच्या दारातून सरकत चाललं होतं. अरिंजयच्या बोलण्यात आता चिवचिवच जास्त होती.

तेव्हा तिला करंज्या आठवल्या. दोघांच्या ताटातली एकेक करंजी ती उचलायची, तेव्हा आत सारण किती, हे कधी फोडून पाहिलं होतं? सारख्या करंज्या, सारख्या उचलल्या, भांडण मिटलं.

तिनं दोन्ही पारड्यांतून एकेक गडू उचलला. तराजू हलला नाही. दोन अमुक, आठ आवळे.

"चार," राणी म्हणाली.

गडू फुटले, चार-चार आवळे घरंगळले आणि सोनं उतरून साधे आंबट हिरवे झाले. साळुंक्यांची मुलं झाली आणि आधी कोण झालं यावरून भांडू लागली. वज्रटोपाची जादू सरली. राणीनं त्याला मोरावळा करायला मुदपाकखान्यात ठेवून घेतलं.

त्या संध्याकाळी ताटं मांडली. हेमलेखानं काही करंज्या वाटीखाली झाकल्या, एक वर ठेवली आणि म्हणाली, "माझ्याकडे अमुक आणि एक, अरिंजयकडे चार. दोघांना सारखंच वाढलंयस. अमुक किती?"

राणीनं तिची वरची करंजी खाल्ली, अरिंजयची एक खाल्ली, ओठ पुसले आणि सांगितलं, "तीन."

"आई, त्यासाठी खायची काय गरज होती?"

"पद्धत आहे ती," राणी म्हणाली, आणि राज्यात पुन्हा शांतता नांदू लागली.