केशरशेट आणि वेशीवरची सनई

घाटाला अजून रस्ता नव्हता, बैलांच्या खुरांनी पाडलेली नुसती वाट होती, तेव्हाची ही गोष्ट. त्या घाटाच्या माथ्यावर एक पेठ होती आणि पेठेत केशराचा एक व्यापारी होता. त्याचं पाळण्यातलं नाव लोक विसरून गेले होते. लहानथोर सगळे त्याला केशरशेटच म्हणत.

माणूस हुशार. शाळा काही पाहिली नव्हती, जे शिकला ते तराजूपाशी. पाण्यात टाकल्याबरोबर भसकन रंग सोडतं ते केशर खोटं, आणि आपल्या सवडीने सावकाश पिवळं होत जातं ते खरं, हे तो बोलता बोलता दाखवून देई. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं तरी एखादी गोष्ट ऐकून आणि गूळपाणी घेऊनच जाई.

त्याने धंद्यात एक नियम पाळला होता. जिथे झुंबड दिसेल तिथे माल घ्यायचा नाही. तरुणपणी पेठेतल्याच जत्रेत सगळे व्यापारी एकाच गाड्याभोवती वेलदोड्यांसाठी चेंगरत होते. शेट कोपऱ्यातल्या ओसाड गाड्याकडे गेला. घरी येऊन पाहतात तो झुंबडीतले वेलदोडे आतून पोचट, आणि शेटचे मात्र दाण्यांनी ठासलेले. तेव्हापासून कुणी कशाची फार वाखाणणी केली की शेट हसून म्हणे, "म्हणजे आत पोचट असणार."

वेलदोड्यांना हा नियम चांगला होता. शेटने तो सनईलाही लावला.

पेठेच्या वेशीवर एक नगारखाना होता आणि तिथे दोन भाऊ सनई वाजवत. थोरला रायबा, धाकटा सटवा. दुपार कलली आणि दरीतून धुकं वर सरकू लागलं की दोघे जाऊन बसत. रायबा एक साधीशी चाल वाजवी. सटवा तेवढंही करत नसे. तो फक्त एक सूर धरी. एकच. नाकाने श्वास आत घ्यायचा आणि गालात साठवलेला वारा त्याच वेळी सनईत सोडायचा, अशी त्याची रीत. त्यामुळे सूर मध्ये कुठे तुटतच नसे. धुकं विरेपर्यंत, नाहीतर वाटेवरचं शेवटचं माणूस वेशीत येईपर्यंत, हे असंच चाले.

आणि या दोघांचं नाव केवढं! घाटाखालच्या गावांत लोक त्यांच्या नावाने नारळ ठेवत. लग्नाच्या तिथी त्यांना विचारून धरत. बैल घेऊन वर आलेले तांडे वेशीत शिरले की आधी नगारखान्याच्या पायरीला हात लावत, मग देवळात जात. काहींच्या डोळ्यांत पाणी असे. का, म्हणून विचारलं तर कुणी बोलत नसे. खाली मान घालून निघून जात.

शेटला हे काही पटत नसे. तो गाण्याचा दर्दी होता, दुकानात बसून ठेका चुकला कुठे ते सांगणारा. एकदा तो चारचौघांत सटव्याला म्हणाला, "अरे सटवा, तू करतोस ते लोहाराचा भातासुद्धा करील."

सटवा हसला. "करील की शेट. पण भात्याला जेवायला कुणी बोलवत नाही, म्हणून मी बसतो."

सगळे हसले, शेटही हसला, पण मत काही बदललं नाही. शेट जन्मापासून वेशीच्या आतच राहिला होता. माल बैलांवर वर यायचा आणि शेट गादीवर बसून तो घ्यायचा. धुक्यात घाट चढायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

शेटला एकुलती एक मुलगी होती, सगुणा. घाटाखाली दिली होती. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. शेटने मेणा पाठवला, अंगणात मांडव घातला, आणि मनाशी ठरवलं की लेकीच्या स्वागताला वेशीवर खरी सनई वाजली पाहिजे. त्याने शहरातून एक वाजवणारा शोधून आणवला. तरुण, बोटं अशी चालणारी की डोळ्यांना दिसू नयेत. त्याचं नाव अजून फारसं कुणाला ठाऊक नव्हतं आणि शेटला नेमकं तेच आवडलं. गर्दीच्या हाती लागायच्या आधीच माल आपण ओळखला, असं त्याला वाटलं.

नगारखान्याची तेलवात शेटच्या घरून जाई, म्हणून तिथे त्याचा शब्द चाले. त्याने भावांना बोलावून सांगितलं की आज तुम्हाला सुट्टी. माझ्या ओट्यावर बसा, पोटभर जेवा आणि वाजवणं कशाला म्हणतात ते ऐका.

रायबाने दरीकडे पाहिलं. "शेट, आज धुकं चढेल."

"चढू दे की. सनई काय भिजून फुगणार आहे?"

रायबा काहीतरी बोलणार होता. सटव्याने त्याच्या दंडाला हात लावला. काही गोष्टींचं नाव त्या मुलखात कुणी घेत नसे, नाव घेतलं की ती गोष्ट जवळ येते असं मानत. दोघे मुकाट्याने ओट्यावर जाऊन बसले. पान वाढलं, पण त्यांनी सनया काही खाली ठेवल्या नाहीत.

मेणा यायला उशीर झाला तसा शेटला धीर निघेना. दिवस कलताना तो एकटाच घाट उतरू लागला. मागे वेशीवर शहरच्या वाजवणाऱ्याने सुरुवात केली होती. काय ते वाजवणं! एक मुरकी घ्यायची, क्षणभर थांबायचं, ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लावायचा आणि मग अलगद समेवर यायचं. शेट चालता चालता मान डोलावत होता.

अर्ध्या घाटात त्याला मेणा भेटला. भोई दमले होते, पण सगुणा हसतमुख होती. शेटने तिचा हात हातात घेतला आणि मेण्याशेजारून चालू लागला. तेवढ्यात धुकं आलं. सरकत, वाढत आलं नाही. होतं आणि नव्हतं यांत डोळ्याची पापणी लवली असेल तेवढंच. मेण्याचा पुढचा दांडा दिसेनासा झाला.

म्होरक्या भोई थबकला. कान देऊन म्हणाला, "शेट, आज भाऊ वाजवत नाहीत?"

"नाहीत. आज त्यांना सुट्टी दिली आहे."

म्होरक्याने मेणा खाली टेकवला. बाकीच्या भोयांनीही टेकवला आणि चौघे मेण्याला पाठ लावून बसले. शेटने त्यांना चुचकारलं, मग रागावला, तरी एकानेही पाय उचलला नाही. शेवटी शेट स्वतः चार पावलं पुढे गेला. वाजवणं मध्ये थांबलं होतं, तो मोका साधून त्याने मागे वळून मोठ्याने हाक दिली, "इकडे या. वाट इकडे आहे."

भोयांपैकी एकाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

वर सनईने मुरकी घेतली आणि थांबली. आणि त्या थांबण्यात तीच मुरकी खाली दरीतून आली. शेटला वाटलं, कड्याला आपटून आवाज परत येतो तसंच हे. पण पुढची मुरकी दरीतून आली तेव्हा ती किंचित वेगळी होती, वरच्यापेक्षा गोड होती. मग ती डावीकडून आली. मग पाठीमागून. जितक्या वेळा वरची सनई श्वास घ्यायला थांबे, तितक्या वेळा दुसरी कुठली तरी सनई त्या फटीत शिरे. आता वेस कोणत्या अंगाला आहे हे सांगता येईना.

शेट चाचपडत मेण्यापाशी परत आला आणि त्याने सगुणाचा हात पुन्हा धरला. हात गार पडला होता.

"आबा," ती हळूच म्हणाली, "माझा हात धरला आहे ते तुम्हीच ना?"

"मीच पोरी. असं का विचारतेस?"

"मग तिकडून कोण बोलतंय?"

शेटने कान दिला. खालून, जिथे पाऊल टाकायला जमीनच नाही तिथून, त्याचाच आवाज येत होता. तोच घोगरा, तोच गिऱ्हाइकाला बोलवावं तसा मायेचा. "इकडे या. वाट इकडे आहे."

एक भोई उठून त्या आवाजाकडे चालू लागला. शेटने त्याला धोतराला धरून खाली ओढलं. ओरडावं तर तो आवाजही तिकडे जाणार, हे त्याला आता उमगलं होतं. सगुणाच्या कपाळावर घाम फुटला होता. तिने ओठ दाताखाली धरून पोटावर हात ठेवला, तेव्हा शेट काय ते समजला. थांबायला वेळ नव्हता. आणि चालायला वाट नव्हती.

वर सनई एकाएकी बंद झाली. दरीतल्या सगळ्या सनया मात्र वाजतच राहिल्या.

मग एक सूर आला.

बारीक, साधा, कसलंही नटणं-सजणं नसलेला. कुठून तरी वरून आला आणि तसाच राहिला. दरीतल्या सनया थोडा वेळ घुटमळल्या, जणू तो थांबायची वाट बघत होत्या. तो थांबला नाही. त्यांना शिरायला कुठे फटच मिळेना. दरीतला शेटचा आवाज एकदा "इकडे" म्हणाला, पण पुढचं "या" उमटलंच नाही. धुक्यात प्रत्येक गोष्टीचं दुसरं होत होतं, हाकेचं, मुरकीचं, पावलाचं. त्या एका सुराचं दुसरं मात्र होत नव्हतं.

न सांगता भोयांनी मेणा उचलला. ते त्या सुराकडे चालू लागले, आंधळ्याने दोरी धरून चालावं तसे. मध्ये एकदा वाट इतकी अरुंद झाली की शेटच्या टाचेखालचा दगड सुटला आणि खाली पडल्याचा आवाज काही आला नाही. तेव्हा शेट जागीच थबकला. त्याच वेळी सुरावर एक चाल उमटू लागली. रायबाची. ती साधी, लहान मुलालाही म्हणता येईल अशी चाल. शेटने ती हजारदा ऐकून नाक मुरडलं होतं. आता तिच्यावर पाऊल टाकलं की पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते कळत होतं.

वेशीच्या दिव्याचा पिवळा डाग दिसला तेव्हा सगुणाने पहिल्यांदा कण्हण्याचा आवाज केला. बायका धावल्या. मेणा तसाच अंगणात गेला.

शेट नगारखान्यापाशी थांबला. शहरचा वाजवणारा सनई बाजूला टाकून पायरीवर बसला होता. पुढे त्याने एवढंच सांगितलं, की मी वाजवली नव्हती अशी एक मुरकी दरीतून आली आणि ती माझ्यापेक्षा चांगली होती. वर सटवा अजून सूर धरून बसला होता. गाल सुजले होते, डोळे तांबारले होते, ओठातून रक्ताची बारीक धार हनुवटीवर आली होती. रायबाचा एक हात त्याच्या पाठीवर होता. शेवटचा माणूस म्हणजे शेटही वेशीत आला हे पाहिल्यावरच सटव्याने सनई खाली ठेवली.

शेटला बोलायचं होतं. त्याने खाली वाकून पायरीला हात लावला.

"पुरे शेट," रायबा म्हणाला. "दरीत जे आहे त्याचं नाव काढायचं नसतं."

"एकच विचारतो. सूर सटव्याचा. मग तू कशाला वाजवतोस?"

"नुसत्या सुराने वाट कळते," रायबा म्हणाला, "पण माणूस भ्यालेला असतो. भ्यालेल्याला चालायला थोडं गाणं लागतं."

सटवा ओठ पुसत म्हणाला, "आणि भात्याला जेवायला लागतं. पान गार झालं असेल माझं."

पहाटेच्या वेळी शेटच्या घरी नात रडली. सगळं नीट पार पडलं.

तेव्हापासून धुकं चढू लागलं की केशरशेट दुकान मिटून नगारखान्याच्या पायरीवर येऊन बसू लागला. पेठेत एक नवा, चुणचुणीत अत्तरवाला आला होता. तो एकदा हसत म्हणाला, "शेट, तुमच्यासारखा दर्दी माणूस, आणि रोज हा एक सूर ऐकायला येता? यांचं नाव उगाच झालंय हो."

कधीकाळी हेच शब्द शेटचे होते. सांगायचं म्हटलं तर सांगता येत नव्हतं. शेवटी तो एवढंच म्हणाला, "एकदा खालून ऐका."

पण शेट रोज यायचा त्याला आणखीही एक कारण होतं. घाट चढून आलेले वाटसरू पायरीला हात लावून झाल्यावर कधी कधी त्याच्याकडे निरखून बघत आणि दचकून विचारत, "शेट, मघाशी तुम्ही खाली दरीत होता का? कुणीतरी अगदी तुमच्याच आवाजात बोलवत होतं."

धुक्यात दिलेली ती एक हाक दरीने ठेवूनच घेतली होती. शेट मान वर करून सटव्याकडे बघे, आणि सटवा डोळ्यांनीच त्याला धीर देई. सूर चालूच असे.

तात्पर्य: कुणाची कीर्ती आपल्याला पोकळ वाटली, तर ती कीर्ती गाणाऱ्यांनी कुठे उभं राहून ऐकलं होतं, हे आधी जाणून घ्यावं. दिव्याशेजारी बसलेल्याला दिव्याची किंमत कळतेच असं नाही.