खिंडीपलीकडचा दिवस

रोमन बादशाहीच्या काळात सिरियातल्या डोंगराळ भागात यहुदी लोकांचे एक गाव होते. तिथे एकदा एक दूत कधी नव्हे तो वेळेवर येऊन पोहोचला.

महिना कोणत्या दिवशी सुरू झाला, हे दूर गालील प्रांतातली विद्वानांची सभा चंद्रकोर पाहणाऱ्यांच्या साक्षीवरून ठरवीत असे. मग दूत ती वार्ता गावोगाव नेत. वार्ता उशिरा येई, म्हणून तिथी चुकू नये यासाठी लांबची गावे सणाचा प्रत्येक पवित्र दिवस दोनदा पाळीत. त्या दिवशी काम नाही, प्रवास नाही. यंदा मात्र नदीला पाणी कमी होते आणि वल्हांडण सणाच्या अखेरच्या पवित्र दिवसाच्या आदल्या दुपारीच दूत हजर झाला.

सर्वांत जास्त आनंद झबदीला झाला. तो वृद्ध गुरू मत्तन्या यांचा शिष्य, धंद्याने विणकर. हिवाळाभर विणलेले कापड त्याला परवा सकाळी ग्रीक व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर पूर्वेला न्यायचे होते. आता दुसरा दिवस पाळण्याचे कारणच उरले नव्हते.

संध्याकाळी मत्तन्या म्हणाले, "मी दोन्ही दिवस पाळणार."

झबदी चिडला. "गुरुजी, दूत खोटं बोलतोय का?"

"नाही. त्याच्याजवळचं पत्र मी स्वतः वाचलं."

"मग परवाचा दिवस साधाच आहे!"

"साधाच आहे. तुला जायचं तर मी अडवणार नाही. तांडा दुपारी कुठे असेल?"

"खिंडीपलीकडे, आपल्याच लोकांच्या गावात."

"तिथे दूत पोहोचला असेल?"

"नाही."

"म्हणजे ते सण पाळत बसलेले असतील. तुझी वार्ता कानी पडण्याआधी त्यांना तुझा लादलेला उंट दिसेल."

"मी थांबून सांगेन की!"

"यंदा सांगशील. पुढच्या वर्षी नदी फुगली आणि दूत पलीकडेच अडकला तर? ते म्हणतील, गेल्या वर्षी मत्तन्याचा शिष्य या दिवशी प्रवास करत होता. झबदी, आपल्याला काय कळलंय ते लोकांना दिसत नाही रे. आपण काय करतो, तेवढंच दिसतं."

तांडा झबदीशिवाय गेला. दुसरा दिवस त्याने प्रार्थनेत काढला, पण मन काही शांत नव्हते. खिंडीत लुटारूंची भीती होती आणि आता ती एकट्याने ओलांडायची होती.

तिसऱ्या दिवशी तो निघाला आणि ऊन कलताना पलीकडच्या विहिरीवर सुखरूप पोहोचला. पाणी शेंदणाऱ्या एका म्हातारीने विचारले, "तुमच्याकडे दूत आला का रे?"

"आला. वेळेत आला. अखेरचा दिवस परवाच होता."

तिचे हात थांबले. "म्हणजे काल आम्ही उगाचच बसलो."

"काल आम्हीही बसलो होतो, आजी," झबदी म्हणाला.

म्हातारी त्याच्याकडे क्षणभर पाहत राहिली. मग तिने आपला घडा बाजूला ठेवला आणि आधी त्याच्या उंटासाठी पाणी शेंदले.